तीन मिनिटं आली कुठून?

घाटवेडा:
परवा टूर द फ्रान्स या सायकल शर्यतीची दोन जुनी चित्रणं शेजारी शेजारी लावून बसलो होतो. चढ एकच, पिरेनीजमधला प्लातो द बेय. जवळपास सोळा किलोमीटर, सरासरी आठ टक्क्यांच्या आसपास. एकीकडे १९९८ची टूर जिंकलेला पान्तानी, हँडलच्या खालच्या दांड्या धरून सीटवरून उठलेला. दुसरीकडे २०२४चा पोगाचार, बराच वेळ प्रतिस्पर्धी विंगेगार्डच्या मागच्या चाकाला चिकटून बसलेला, आणि माथा पाचेक किलोमीटरवर आल्यावर सुटलेला. पोगाचारला त्या चढाला पान्तानीपेक्षा तीन मिनिटांहूनही जास्त कमी वेळ लागला.

नव्यांसाठी सांगतो, १९९८ म्हणजे साधंसुधं साल नव्हे. टूर सुरू व्हायच्या तोंडावर फेस्टिना संघाचा मालिशवाला विली व्होएट सीमेवर ईपीओ (रक्तातल्या तांबड्या पेशी वाढवणारं, खेळात बंदी असलेलं औषध) आणि ग्रोथ हार्मोनच्या साठ्यासकट सापडला होता. पुढे २०१३ मध्ये फ्रेंच सिनेटच्या समितीने त्या टूरच्या नमुन्यांच्या फेरतपासणीचे निकाल जाहीर केले, त्यात पान्तानीचं नावही ईपीओच्या यादीत होतं. मग ईपीओच्या काळातली वेळ कुणी स्वच्छ राहून तीन मिनिटांनी मोडतो? मला पोगाचार मनापासून आवडतो, म्हणूनच विचारतोय. इकडून तिकडून कुठूनही, पण पटवा कुणीतरी.

साखळीतेल:
तुम्ही घड्याळ मोजलंत, बाकी काहीच मोजलं नाहीत. ताशी चोवीसच्या आसपास वेग आहे हो त्याचा. एवढ्या वेगाला चढावरसुद्धा हवा आडवी येते, पुढच्याच्या आडोशाला बसण्याचा फायदा होतो. विंगेगार्डने माथ्याच्या साडेदहा किलोमीटर आधीच हल्ला केला आणि पोगाचारला जवळपास एक तृतीयांश चढ फुकट ओढून नेला! शिवाय टायर रुंद झाले, सायकली हवा कापणाऱ्या झाल्या, आणि तासाला १२० ग्रॅमपर्यंत कर्बोदकं पोटात जातात. तेव्हाचे स्वार याच्या निम्म्यावर चालायचे, शेवटच्या चढाला टाकी रिकामी. आणखी एक, त्या दिवशी दुसरा आलेला विंगेगार्ड आणि तिसरा एव्हनपूल हेही पान्तानीपेक्षा जलद होते. तिघं तीन संघांचे. सगळे मिळून एकच कट करतायत का?

शंकासुर:
"तिघं तीन संघांचे" हे जरा जपून वापरा. १९९८च्या टूरचे पहिले तिघं कोण? पान्तानी, उलरिख, ज्युलिक. तेही तीन संघांचे. ज्युलिकने २०१२ मध्ये ईपीओची कबुली दिली, उलरिखने २०१३ मध्ये रक्त भरून घेतल्याचं मान्य केलं. कट लागतोच कशाला, सगळ्यांना एकच दुकान माहीत असलं की पुरे.

टायर, हवा, कर्बोदकं, सगळं मान्य. पण प्रत्येक पिढीला तिचं स्पष्टीकरण मिळतंच. पुढे डोपिंगपायी विजेतेपदं गमावलेल्या आर्मस्ट्राँगच्या वेळी ते "जास्त वेगाने पेडल फिरवतो" हे होतं. मीही ते लोकांना समजावून सांगितलंय, हातवारे करून.

साखळीतेल:
आर्मस्ट्राँग आला का? छान. हा विषय निघाला की दहा मिनिटांत येतोच.

मग मला एवढंच सांगा, स्वच्छ असलेल्या माणसाने ते सिद्ध करायचं कसं? २००८ पासून रक्ताचा जैविक पासपोर्ट आहे, म्हणजे प्रत्येक स्वाराच्या रक्ताच्या आकड्यांची वर्षानुवर्षांची नोंद. उद्या आपण कुठे असू, कुठल्या एका तासात सापडू, हे स्वारांना आधी कळवावं लागतं, आणि बारा महिन्यांत तीनदा चुकलं की कारवाई. पोगाचार आजवर एकाही चाचणीत अडकलेला नाही. हे पुरत नसेल तर काय पुरेल? २०१५ मध्ये मांदच्या टप्प्यावर एकाने "डोपर" म्हणत टूरविजेत्या फ्रूमच्या अंगावर लघवी फेकली. फ्रूमचा तो साल्ब्युटामॉलचा, म्हणजे दम्याच्या औषधाचा घोळ २०१७चा, आणि त्यातूनही तो सुटला. लघवी फेकणाऱ्याच्या खिशात कुठला पुरावा होता?

शंकासुर:
लघवीचं समर्थन कुणी करत नाही. नालायकपणा होता तो.

पण मोठी प्रकरणं बाहेर कुणी काढली ते बघा. फेस्टिना सीमेवरच्या कस्टमवाल्यांनी पकडलं. २००६चं डॉक्टर फुएन्तेसचं, ते फ्रिजमधल्या रक्ताच्या पिशव्यांचं, स्पॅनिश पोलिसांनी. २०१९चं ऑपरेशन आडरलास ऑस्ट्रियन आणि जर्मन पोलिसांनी. तिथे एक स्कीपटू हातात सुई खुपसलेली असतानाच सापडला, आणि त्या एरफुर्टच्या डॉक्टरच्या गिऱ्हाइकांत सायकलस्वारही निघाले. तेव्हा तुमचा पासपोर्ट अकरा वर्षांचा होता. म्हणून "चाचणीत सापडला नाही" हे वाक्य माझ्या कानावरून जातं. खोटं म्हणत नाही मी, पण त्याला वजन नाही.

मागचंचाक:
सायकलीत लपवलेल्या मोटरचं कुणीच काढलं नाही? २०१६ला झोल्डरच्या सायक्लोक्रॉस (चिखलमातीतली सायकल शर्यत) जागतिक स्पर्धेत फेम्के व्हान डेन ड्रीशच्या सायकलीत सापडली होती की. सहा वर्षांची बंदी बसली.

साखळीतेल:
आता सायकली एक्स-रेखाली घालतात. मोटरचा वेगळा विषय काढा, इथे रक्तच पुरे झालंय.

आणि शंकासुर, तुमचं गणित असं आहे की सापडला तर चोर आणि नाही सापडला तर हुशार चोर. याला उत्तर नसतं. आडरलासमध्ये पोलिस पोचले याचा अर्थ जाळं आता रुंद आहे, असाही होतो ना?

घाटवेडा:
मध्ये बोलतो. मला त्या कार्बन मोनॉक्साइडने जास्त अस्वस्थ केलं. उंचावरच्या सरावाने रक्तात किती फरक पडला ते मोजायला मोठे संघ तो वायू हुंगतात, हे २०२४च्या टूरमध्ये बाहेर आलं. आधी पोगाचार म्हणाला, माहीत नाही. मग म्हणाला, हो, मोजण्यापुरतं. तेव्हा बंदी नव्हती, म्हणजे नियम मोडलेला नाही. पण तोच वायू वारंवार हुंगला तर रक्तच बदलेल अशी शंका होती, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये यूसीआयने, म्हणजे जागतिक सायकल महासंघाने, वारंवार हुंगण्यावर बंदी आणली. साखळीतेल, इथे काय म्हणाल?

साखळीतेल:
इथे गप्प बसेन. पोटात गोळा माझ्याही आला होता.

निमूट_वाचक:
एरवी लिहीत नाही, पण बासोंसचं नाव कुणी घेतलं नाही म्हणून. क्रिस्तोफ बासोंस, आधी फेस्टिनात, तिथेही औषध न घेणारा म्हणून ओळखला गेलेला. १९९९च्या टूरमध्ये तो वर्तमानपत्रात लिहायचा की हा वेग मला खरा वाटत नाही. आल्प द्युएझच्या टप्प्याला सगळ्यांनी सुरुवातीला सावकाश जायचं ठरवलं होतं, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. संघाच्या मेकॅनिककडून कळल्यावर हा चिडून एकटाच पुढे सुटला. अख्खा घोळका त्याच्या मागे लागला, आणि पिवळ्या जर्सीतल्या, म्हणजे आघाडीवर असलेल्या, आर्मस्ट्राँगने त्याच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, असलं बोलणं खेळाला वाईट आहे, तू निघून का जात नाहीस. दोन दिवसांनी तो खरंच गेला. मी त्याला तेव्हा रडका म्हणालो होतो, मित्रांत मोठ्याने. आर्मस्ट्राँगची सातही विजेतेपदं गेली तेव्हा त्यातला एक मित्र फोनवर फक्त "बासोंस" एवढंच म्हणाला.

घाटवेडा:
हे माहीत नव्हतं. तो एकटा सुटला त्या भागाचं चित्रण कुणाकडे आहे का?

साखळीतेल:
शोधतो. घड्याळ मात्र बाजूला ठेवून बघा.