मदत हवी आहे : वस्तीचे जातिवाचक नाव दप्तरातून कसे हटवावे?

वस्त्यांची व रस्त्यांची जातिवाचक नावे बदलून समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावे देण्याचा निर्णय राज्य शासनाने डिसेंबर २०२० मध्ये घेतला. आमच्या गावात त्यानुसार ग्रामसभेचा ठराव झाला, वस्तीच्या तोंडाशी नव्या नावाची कमानही उभी राहिली. परंतु नमुना ८ च्या (ग्रामपंचायतीतील घराच्या कर आकारणी नोंदीच्या) उताऱ्यावर, घरपट्टीच्या पावतीवर आणि वीजबिलावर अजून जुनेच नाव छापून येते, आणि नोकरीच्या अर्जावर पत्ता लिहिणाऱ्या मुलांची जात कोणी न विचारताच उघड होते, हे मनाला फार लागते. ठराव पंचायत समितीकडे गेला की नाही, याचेही धड उत्तर मिळत नाही. ज्यांच्या गावात सर्व दप्तरांत नाव बदलले आहे, त्यांनी ठरावाचा मसुदा आणि पाठपुरावा कोणाकडे केला, हे कृपया सविस्तर कळवावे. महसुली नोंदींसाठी तहसीलदारांकडे वेगळा अर्ज करावा लागतो का?