७५ टक्के सवलत आहे हो, पण गाडी कुठं आहे?

फाट्यावरचा:
परवा इथंच एका महाशयांनी लिहिलं, "अपंगांना एसटीत ७५ टक्के सवलत, बायांना अर्धं तिकीट, पंच्याहत्तरीच्या म्हाताऱ्यांना फुकट. पूर्ण पैसे मोजणारा मात्र उभा. यांना आता अजून काय पाहिजे?" दोन दिवस गप्प बसलो. आज सांगतो काय पाहिजे ते.

लहानपणी पोलिओ झाला. डाव्या पायात कॅलिपर, काखेत कुबडी. गाव दारव्हा तालुक्यात. सकाळची एसटी २०२१ च्या संपात बंद झाली ती झालीच. फाटा साडेतीन किलोमीटर. ऑटोवाला बाकीच्यांकडून वीस रुपये घेतो, पण दहा माणसं कोंबल्याशिवाय हलत नाही. दांडीला लटकणं मला जमत नाही, आत बसलो तर कुबडी कोणाच्या तरी बरगडीत जाते. म्हणून "स्पेशल" करावा लागतो. जायचे १५०, यायचे १५०. पुढं यवतमाळचं माझं तिकीट वीसेक रुपये. आता करा हिशोब, सवलतीत वाचले किती आणि ऑटोत गेले किती. बरं, गाडी आली तरी पहिली पायरी माझ्या मांडीला लागते.

रोखठोक पुसदकर:
ते महाशय म्हणजे मीच. एक विचारतो, गावातली एसटी बंद का पडली? एसटी उभी असताना सगळा गाव काळीपिवळीत जाऊन बसायचा म्हणून. रिकामी गाडी महामंडळानं किती दिवस फिरवायची? आणि ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठीच असतो. तो मागा ना सरपंचाला. बॅटरीची तीनचाकी घ्या. सगळं एसटीच्याच डोक्यावर का?

फाट्यावरचा:
मागितला. आमच्या गावची घरपट्टी वसूल होते ती केवढी, त्याचे ५ टक्के ते केवढे! १४ जणांत वाटणी झाली, मागच्या साली प्रत्येकी सातशे रुपये आणि एक सतरंजी. सतरंजी उडते का? उडत असेल तर कळवा, बसून जातो. तीनचाकीच्या शिबिरात ८० टक्क्यांच्या वर पाहिजे म्हणाले, माझं सर्टिफिकेट ५५ चं. सोबत्याला अर्धं तिकीट मिळतं तेही ६५ च्या वर असलं तर. म्हणजे मी पुरता अपंगही नाही आणि धडही नाही.

निवृत्त वाहक:
३१ वर्षं तिकिटं फाडली, म्हणून बोलतो. पायरी उंच आहे, कबूल. पण खोटी सर्टिफिकेटंही या हातांनी पाहिली आहेत. ४० टक्क्यांचा कागद दाखवून धावत गाडी पकडणारे! मग खऱ्या माणसाकडेही आम्ही वाकड्या नजरेनं पाहतो. दोष कुणाचा?

लेक चंद्रपूरची:
दोष तुमच्या नजरेचा, काका. माझ्या बहिणीला सिकलसेल आहे, रक्ताचा आजार. दिसायला धडधाकट. दुखणं उठलं की हाडं पिळून निघतात, उभं राहवत नाही. २०१६ च्या कायद्यानं अपंगत्वाच्या ७ प्रकारांचे २१ केले, त्यात सिकलसेल आहे. आमच्या भागात तर घराघरात पेशंट. तरी कंडक्टर भर गाडीत म्हणतो, "पोरी, तुला काय झालं? ऊठ, म्हाताऱ्याला बसू दे." ती उठली. दोन तास उभी. दुसऱ्या दिवशी सलाइन. आणि बायांच्या अर्ध्या तिकिटावर जळणाऱ्यांनो, २०२३ पासूनच माझी आई तिला घेऊन दर महिन्याला दवाखान्यात जाऊ शकते.

निवृत्त वाहक:
तो मी नव्हतो. पण असं होतं. जाऊ द्या.

वऱ्हाडी मिरची:
राजेहो, एसटी-फेसटी सोडा, बंद पडलेली शकुंतला रेल्वे चालू करा! सारं भांडन मिटते. आमच्या आजाले दोन्ही डोयानं दिसे नाई. कारंज्याले गाडी आली का गार्ड सोता हात धरून बसवे. पायरी नाई, घाई नाई. कुठं हाये आता असा मानूस?

रोखठोक पुसदकर:
घाई कशी असणार? मुर्तिजापूर ते यवतमाळ ११३ किलोमीटर आणि जायला अख्खा दिवस. सायकलवाला पुढं निघून जायचा. त्या मीटरगेजच्या डब्यात दिव्यांग बसवून काय त्याचा दिवस खराब करता?

वऱ्हाडी मिरची:
मीटरगेज?? नॅरोगेज म्हना, अडीच फुटाचा रूय! माहीत नाई तं काऊन बोलता? १९९४ परेंत मँचेस्टरचं वाफेचं इंजिन वढे. पुसदवाल्याले काय समजते शकुंतलेचं.

रोखठोक पुसदकर:
पुसदवर जायचं काम नाही. इंग्रजांनी कापूस न्यायला घातलेली गाडी ती, तुमच्या आजोबांसाठी नव्हे. २०२४ मध्ये वर्धा-कळंब ब्रॉडगेज सुरू झाली, ती पुढं यवतमाळ, पुसद करत नांदेडला जाणार. तिच्याबद्दल बोला.

वऱ्हाडी मिरची:
जानार, जानार! तुमची जाईल तवा जाईल, आमची तं चालत होती. कापूस नेये आन् मानूसबी नेये.

निवृत्त वाहक:
मिरचीभाऊ, कारंज्याला फलाट जमिनीसरशी होता. डब्यात चढायला तिथंही पायरी होती. मी स्वतः चढलोय.

वऱ्हाडी मिरची:
तुमी एसटीचे, तुमाले शकुंतलेचं वावडंच.

फाट्यावरचा:
मी धागा काढला फाट्यावरच्या ऑटोसाठी, आणि तुम्ही गाडी नेली मुर्तिजापूरला. चालू द्या. मला बुधवारी सर्टिफिकेटच्या कामाला जिल्ह्याच्या दवाखान्यात जायचं आहे. मागच्या वेळी म्हणाले डॉक्टर सुटीवर, पुढच्या आठवड्यात या. तीनशे चाळीस रुपये आणि एक दिवसाची मजुरी, सुटीवरच्या डॉक्टरची खुर्ची पाहायला.

रोखठोक पुसदकर:
गेल्या पावसाळ्यात वडिलांचा खुबा मोडला. चार महिने वॉकर. तपासणीला नेताना एसटीच्या दारात दोघांनी उचलावं लागलं, मागून लोक ओरडत होते "लवकर करा". त्या दिवसापासून ऑटो स्पेशल, ४०० रुपये. तेव्हा पायरीचं आणि ऑटोचं मान्य. तिकिटाबद्दल लिहिलेला एक शब्दही मागं घेत नाही.

लेक चंद्रपूरची:
वा! खुबा मोडल्यावर अक्कल आली.

रोखठोक पुसदकर:
ताई, वडिलांवर जाऊ नका.

लेक चंद्रपूरची:
वडिलांना नाही, तुम्हाला म्हटलं. त्यांना लवकर बरं वाटो.

निवृत्त वाहक:
फाट्यावरचे भाऊ, बुधवारी फाट्यावरच्या रपट्याजवळ उभे राहा. तिथं कडेची माती उंच आहे, गाडी चिकटून लावली की पायरी वीतभर खाली येते. ड्रायव्हरला आधीच हात करून ओरडा. कुबडी अगोदर आत द्या, मग दांडी धरा.

फाट्यावरचा:
रपट्याजवळ आता टपरी झाली आहे, काका. तरी पाहतो.

वऱ्हाडी मिरची:
मंग शकुंतलेचं काय ठरलं?