प्रतिसाद: रांधायचंच, तर हर्णैजवळ

सुट्टीत हॉटेलऐवजी किचन असलेलं घर भाड्याने घ्यायचं म्हटलं, की ‘स्वतःच रांधायचं तर सुट्टी कसली?’ हा प्रश्न रास्त आहे. पण एकदा कोकणात दापोलीजवळच्या हर्णै बंदरावर जाऊन या. दुपार कलली की होड्या लागतात, वाळूवरच लिलाव सुरू होतो, समोर समुद्रात सुवर्णदुर्ग किल्ला. लिलावातले ढीग आपल्या कामाचे नाहीत. कडेला वाटे लावून बसलेल्या मावशींकडे जायचं, घासाघीस बेतानेच करायची. मासळी तिथेच साफ करून मिळते. असे बांगडे हातात आल्यावर हॉटेलच्या खोलीत नुसतं बसवत नाही हो! मीठ, हळद, तिखट, कोकमाचं आगळ, वर तांदळाचं पीठ आणि तवा. बस्स.

राहायला आंजर्ले किंवा मुरुड बघा, दोन्ही हर्णैपासून जवळ. (मुरुड म्हणजे दापोलीजवळचं, महर्षी कर्व्यांचं. नकाशावर जंजिऱ्याचं लावाल तर भलतीकडेच पोचाल.)

घरमालकाला ‘किचन आहे का’ एवढंच विचारू नका, सगळे हो म्हणतात. सिलिंडर भरलेला आहे का, कुकर, खवणी, धार असलेली विळी आहे का, हे विचारा. मसाला घरूनच न्या.

1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते, तेव्हा सोडे-सुकटीवर, म्हणजे सुक्या मासळीवर, भागवायची तयारी ठेवा.

आणि दोन्ही वेळ रांधू नका. रात्रीचं जेवण गावातल्या घरगुती खानावळीत सांगा, मात्र सकाळीच. आयत्या वेळी गेलात तर मोदक सोडाच, भातही मिळायचा नाही.