टर्मिनलमधून मायएसक्यूएल उघडते, पण वर्कबेंचमधून ‘ॲक्सेस डिनाइड’ येते

प्रश्न

नमस्कार. आमच्या वाचनालयातील पुस्तकांची नोंद मी जुन्या वह्यांतून डेटाबेसमध्ये घेत आहे. त्यासाठी उबुंटू २२.०४ (लिनक्स) असलेल्या लॅपटॉपवर डेटाबेस सांभाळणारा मायएसक्यूएल ८.० सर्व्हर ॲप्टने आणि तो खिडक्यांतून हाताळण्याचे मायएसक्यूएल वर्कबेंच स्नॅपमधून बसवले आहे (ॲप्ट आणि स्नॅप ही उबुंटूवर प्रोग्राम बसवण्याची दोन साधने). टर्मिनलमध्ये सुडो (लिनक्सच्या मुख्य प्रशासकाचे, म्हणजे रूटचे, अधिकार देणारी आज्ञा) लावून मायएसक्यूएल सुरू केले की पासवर्ड न विचारताच आत जाता येते आणि आतापर्यंत भरलेल्या अकराशे नोंदी व्यवस्थित दिसतात.

वर्कबेंचमध्ये मात्र होस्ट १२७.०.०.१, पोर्ट ३३०६ आणि यूझर रूट (मायएसक्यूएलमधील सर्वाधिकार असलेले खाते) असे भरले की आधी पासवर्ड साठवता येत नसल्याची ॲपआर्मरची, म्हणजे प्रोग्रामांवर मर्यादा घालणाऱ्या लिनक्सच्या सुरक्षा यंत्रणेची, तक्रार येते, आणि ती बंद केल्यावर रूटला प्रवेश नाकारल्याची १६९८ क्रमांकाची एरर येते. मी फायरवॉल बंद करून पाहिली आणि वर्कबेंच दोनदा काढून पुन्हा बसवले. सर्व्हरसोबत येणारी सुरक्षेची स्क्रिप्ट चालवून रूटला पासवर्ड देऊ पाहिला, तर या खात्याला पासवर्ड देण्यास अर्थ नाही, कारण त्याच्या प्रमाणीकरणाच्या पद्धतीत तो साठवलाच जात नाही, अशा आशयाचा संदेश आला. सर्व्हर काढून पुन्हा बसवावा का? भरलेल्या नोंदी जातील अशी भीती वाटते, म्हणून थांबले आहे.

पहिले उत्तर

सर्व्हर काढू नका, त्यात बिघाड नाही. १६९८ ही एरर स्वतः सर्व्हरच पाठवतो, म्हणजे वर्कबेंच त्याच्यापर्यंत पोहोचलेले आहे. फायरवॉल, पोर्ट किंवा बंद पडलेली सर्व्हिस यांचा इथे संबंध नाही. फायरवॉल पुन्हा सुरू करा.

तुम्हाला स्क्रिप्टने दाखवलेला संदेश हेच खरे कारण आहे. उबुंटूवर मायएसक्यूएलचे रूट खाते ‘ऑथ सॉकेट’ या प्लगइनवर, म्हणजे ओळख तपासणाऱ्या जोड-भागावर, चालते. या पद्धतीत सर्व्हर पासवर्ड तपासत नाही. सॉकेट फाइलच्या (एकाच यंत्रावरील प्रोग्राम जिच्यातून आपसात बोलतात ती फाइल) दुसऱ्या टोकाला लिनक्सचा कोणता वापरकर्ता आहे एवढेच तो पाहतो, आणि तो लिनक्सचा रूट असेल तरच मायएसक्यूएलच्या रूटला आत घेतो. सुडोमुळे टर्मिनलमध्ये तुम्ही लिनक्सच्या रूट असता. वर्कबेंच तुमच्या नेहमीच्या खात्यावरून चालते, शिवाय १२७.०.०.१ लिहिल्यावर ते सॉकेट फाइलऐवजी टीसीपीने, म्हणजे नेटवर्कच्या वाटेने, जाते. त्यामुळे पासवर्ड कोणताही दिला तरी उत्तर हेच येणार. खात्री करायची असेल तर टर्मिनलमधून आत जाऊन मायएसक्यूएल डेटाबेसमधील यूझर या टेबलाचे यूझर, होस्ट आणि प्लगइन हे तीन कॉलम पाहा.

अनेक जण रूटचे प्लगइन बदलून त्याला पासवर्ड देण्याचा सल्ला देतात. माझे मत त्याच्या ठाम विरुद्ध आहे. पुस्तकांच्या नोंदी भरण्यासाठी सगळे डेटाबेस पुसून टाकू शकणारे खाते वापरण्याची गरज नाही, आणि सुडोने आत जाण्याची जी वाट आज बिनचूक चालते ती मोडण्याचीही नाही. ‘क्रिएट यूझर’ने स्वतःसाठी वेगळे खाते उघडा, त्याचा होस्ट लोकलहोस्ट ठेवा, त्याला चांगला पासवर्ड द्या आणि ‘ग्रँट’ने फक्त ग्रंथसूचीच्या डेटाबेसवर अधिकार द्या. या दोन आज्ञांनंतर ‘फ्लश प्रिव्हिलेजेस’ देण्याचे कारण नाही. त्याआधी मनःशांतीसाठी मायएसक्यूएलडंपने नोंदींची एक प्रत मात्र काढून ठेवा.

दुसरे उत्तर

वरील उत्तराशी सहमत आहे. होस्टच्या रकान्याबद्दल थोडी भर घालतो. लिनक्सवर मायएसक्यूएलच्या स्वतःच्या क्लायंटला लोकलहोस्ट सांगितले तर तो सॉकेट फाइलने जातो आणि १२७.०.०.१ सांगितले तर टीसीपीने. २००२ ही एरर बहुधा सॉकेट सापडत नसल्याची असते, २००३ टीसीपीने पोहोचता न आल्याची, आणि या दोन्हींत सर्व्हरपर्यंत निरोप गेलेलाच नसतो. तेव्हा सर्व्हिस सुरू आहे का आणि ३३०६ वर सर्व्हर लिसन करत आहे का, हे आधी पाहावे. १०४५ आली तर सर्व्हर गाठला आहे, फक्त नाव, पासवर्ड किंवा होस्ट जुळत नाही. लिसन करणाऱ्या पोर्टांच्या यादीत ३३०६० हेही दिसेल, पण ते एक्स प्रोटोकॉल या मायएसक्यूएलच्या वेगळ्या संवादपद्धतीचे आहे, वर्कबेंचमध्ये भरू नये.

लोकलहोस्टसाठी उघडलेले खाते १२७.०.०.१ वरूनही चालते, कारण सर्व्हर त्या पत्त्याचे नाव शोधून लोकलहोस्टशी जुळवतो. सेटिंगमध्ये ‘स्किप नेम रिझॉल्व्ह’ सुरू केलेले असेल तर मात्र ते जुळत नाही आणि १२७.०.०.१ साठी वेगळे खाते लागते.

ॲपआर्मरची तक्रार हा पूर्ण वेगळा विषय आहे. स्नॅपमधील वर्कबेंचला पासवर्ड साठवणाऱ्या कीरिंगपर्यंत जाण्याची मुभा आपोआप मिळत नाही. ‘स्नॅप कनेक्ट’ या आज्ञेने त्याला ‘पासवर्ड मॅनेजर सर्व्हिस’ जोडून द्यावी लागते. दोन्ही संदेश लागोपाठ आल्यामुळे ते एकाच दोषाचे वाटतात आणि त्यातच बराच वेळ जातो.

तिसरे उत्तर

पुढे वर्कबेंचऐवजी डीबीव्हर (तसेच दुसरे साधन, जे जावा ड्रायव्हरमार्फत सर्व्हरशी जोडते) वापरलेत तर ‘पब्लिक की रिट्रीव्हल इज नॉट अलाउड’ असा संदेश येऊ शकतो, म्हणून आधीच लिहून ठेवतो. मायएसक्यूएल ८.० मध्ये नव्या खात्यांसाठी ‘कॅशिंग शा २ पासवर्ड’ ही पद्धत ठरलेली आहे. त्यात पहिल्या वेळी पासवर्ड टीएलएसमधून (सांकेतिक केलेल्या जोडणीतून) किंवा सर्व्हरच्या सार्वजनिक किल्लीने गुप्त करून पाठवावा लागतो, आणि टीएलएस बंद असेल तर जावा ड्रायव्हर ती किल्ली परवानगीशिवाय मागत नाही. एकदा लॉगिन झाले की सर्व्हर त्याची खूण मेमरीत ठेवतो, म्हणून पुढची जोडणी सहज होते. सर्व्हर रीस्टार्ट झाला की खूण जाते आणि काल चाललेले आज अडते. ड्रायव्हर प्रॉपर्टीजमध्ये ‘अलाउ पब्लिक की रिट्रीव्हल’ ट्रू करावे. सर्व्हर त्याच यंत्रावर आहे म्हणून हे चालेल, दूरच्या सर्व्हरसाठी टीएलएसच सुरू ठेवावे.

प्रश्नकर्तीचे उत्तर

मनापासून आभार. प्लगइनच्या कॉलममध्ये रूटसमोर ऑथ सॉकेटच होते. प्रत काढून ठेवली, नवे खाते उघडले, आणि पहिल्याच प्रयत्नात वर्कबेंच जोडले गेले. स्नॅपची जोडणी केल्यावर पासवर्डही साठवला जातो.

एक अडचण त्यानंतर आली, ती इतरांसाठी नोंदवते. जोडणी झाली तरी डावीकडची स्किमांची, म्हणजे डेटाबेसांची, यादी रिकामी होती आणि क्षणभर नोंदी गेल्या असेच वाटले. नव्या खात्याचे ‘शो ग्रँट्स’ पाहिले तेव्हा लक्षात आले की अधिकार देताना मी डेटाबेसच्या नावाचे पहिले अक्षर मोठे लिहिले होते. लिनक्सवर लहान-मोठ्या अक्षरांची नावे वेगळी धरली जातात, आणि अस्तित्वात नसलेल्या डेटाबेसवर अधिकार दिले तरी मायएसक्यूएल हरकत घेत नाही. चुकीचा अधिकार ‘रिव्होक’ने काढून योग्य नावाने पुन्हा दिला. अकराशे नोंदी समोर दिसत आहेत आणि आज पुढची वही उघडली आहे.