गॅप इयरमध्ये परदेशात आरोग्यसेवेचं स्वयंसेवी काम: काय निवडावं, तयारी किती आधी?

रानवाट
शाळा संपली, वैद्यकीय शिक्षणाला जायचंय, मध्ये एक वर्ष मोकळं आहे. त्यातले चार-पाच महिने परदेशात दवाखान्यात किंवा वस्तीत काम करायचा विचार आहे. प्रथमोपचाराचा कोर्स झालाय, बाकी प्रशिक्षण शून्य. एक संस्था म्हणते, 'पहिल्या आठवड्यापासून इंजेक्शन द्या, टाके घाला, बाळंतपणात मदत करा'. दुसरी अनाथाश्रमात काम देते. कोणती घ्यावी? आणि लशी कधी सुरू कराव्यात?

थर्मामीटर
दोन्ही सोडा. जे काम स्वतःच्या देशात परवान्याशिवाय करता येत नाही, ते दुसऱ्या देशातल्या गरीब रुग्णावर करून बघायला परवानगी कुठून आली? पुढे वैद्यकीय प्रवेशाच्या मुलाखतीत 'मी टाके घातले' हे सांगणं अंगाशीच येतं. अनाथाश्रमांचं म्हणाल तर तिथल्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील हयात असतात. पैसे देणारे पाहुणे येत राहिले की मुलं घरी पाठवण्यात संस्थेला रस उरत नाही. वर दर महिन्याला नवा चेहरा जीव लावतो आणि निघून जातो. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने 2019 मध्ये बालहक्कांच्या ठरावात या प्रकारावर बोट ठेवलंय.

अप्रशिक्षित माणसाचा खरा उपयोग होतो तो नोंदी ठेवणं, औषधसाठ्याची मोजदाद, वजन-उंची आणि दंडघेर मोजणं यात. दंडघेर सोपा वाटतो, पण चुकतो हमखास. वय 6 ते 59 महिने, डावा हात. कोपर काटकोनात वाकवून खांद्याचं टोक आणि कोपराचं टोक यांच्या मधोमध खूण करा. मग हात सैल सोडून खुणेवर टेप लावा. 115 मिमीपेक्षा कमी म्हणजे तीव्र कुपोषण, 115 ते 125 च्या आत म्हणजे मध्यम. टेप आवळली की धडधाकट मूल यादीत जातं, बाहीवरून मोजलं की आजारी मूल सुटतं. दोन्ही पावलांवर अंगठा तीन सेकंद दाबून बघायचं. दोन्हीकडे खड्डा राहिला तर टेप काहीही म्हणो, मूल लगेच आरोग्य कर्मचाऱ्याकडे न्यायचं.

संस्थेला लेखी विचारा: माझ्यावर देखरेख कोणाची? कामाची यादी स्थानिक कर्मचाऱ्यांनी ठरवली की तुमच्या कार्यालयाने? मी गेल्यावर हे काम कोण करणार? भाषा येत नसेल तर दुभाषा कोण? उत्तर गोलमाल आलं की समजून जा.

शीतपेटी
लशींचं कॅलेंडर आधी बघा, विमानाचं तिकीट नंतर. खरा वेळखाऊ प्रकार हेपॅटायटिस बी: तीन डोस 0, 1 आणि 6 महिन्यांना, शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी अँटीबॉडी तपासणी, 10 mIU/mL किंवा जास्त आली की पुरे. म्हणजे सात-आठ महिने गेलेच. लहानपणी डोस झाले असतील तर कागद शोधा, वेळ वाचेल.

पिवळ्या तापाचं प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर 10 दिवसांनी वैध होतं आणि 2016 पासून ते आयुष्यभर चालतं. ही जिवंत लस आहे. गोवराची लस बाकी असेल तर दोन्ही एकाच दिवशी, नाहीतर चार आठवड्यांचं अंतर ठेवून. रेबीजची आगाऊ लस घेतली (0 आणि 7 वा दिवस) तरी कुत्रं चावल्यावर साबण-पाण्याने 15 मिनिटं धुणं आणि चावल्यापासून 0 आणि 3 ऱ्या दिवशी पुन्हा डोस चुकत नाहीत. फायदा एवढाच, की बहुतेक ठिकाणी न मिळणारं इम्युनोग्लोब्युलिन (तयार अँटीबॉडीचं इंजेक्शन) लागत नाही.

मलेरियाच्या गोळ्या परतल्यावर लोक हटकून बंद करतात. डॉक्सीसायक्लीन परतल्यावर चार आठवडे, अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल सात दिवस चालूच ठेवायची.

रानवाट
धन्यवाद. सुईला हात लावायचाच नसेल तर सुई टोचण्याची भीती उरत नाही ना?

थर्मामीटर
उरते. टोचते ती बहुतेक कचऱ्याच्या पिशवीतली, चादरीत राहिलेली. पिशवी खालून धरू नका, हाताने दाबू नका. टोचलीच तर वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा, पिळू नका, ब्लीच लावू नका. एचआयव्ही प्रतिबंधक गोळ्या शक्य तितक्या लवकर, 72 तासांच्या आत सुरू करून 28 दिवस घ्यायच्या. त्या जवळ कुठे मिळतात आणि रात्री कुलूप कोण उघडतं, हे पोचल्या दिवशीच विचारून ठेवा.

कोरा कागद
वरच्यांनी व्हिसा सोडला. अनेक देशांत बिनपगारी कामही पर्यटक व्हिसावर चालत नाही. संस्था 'विमानतळावर फिरायला आलोय सांगा' म्हणाली तर पकडले जाल तुम्ही, ती नाही. विमा घेताना तीन ओळी वाचा: आरोग्यसेवेतलं काम वगळलंय का, रुग्णाला विमानाने हलवण्याचा खर्च धरलाय का, दुचाकीचा अपघात धरलाय का. तिसरी सगळ्यात महत्त्वाची, कारण वस्तीत जायला बहुतेक ठिकाणी मोटरसायकलच असते, आणि हेल्मेट मागितल्याशिवाय मिळत नाही.