जुन्या कृष्णधवल फोटोची लिमिटेड एडिशन प्रिंट घ्यावी का?

नमस्कार. बरीच वर्षं डॉक्युमेंटरी फोटोग्राफीची पुस्तकं चाळतेय, आता एक तरी अस्सल प्रिंट घरात हवी असं मनाने घेतलंय. एक आवडली आहे. फोटो १९३० च्या दशकातला, खाली पेन्सिलीने ७/२५ (म्हणजे २५ प्रतींतली सातवी) आणि सही. विकणारे 'व्हिंटेज' म्हणताहेत. घेऊ का? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १
घाई करू नका. ७/२५ आणि 'व्हिंटेज' एकत्र दिसले की माझ्या मनात पाल चुकचुकते. त्या काळी प्रिंट निघायच्या त्या मासिकांसाठी, सरकारी खात्यांसाठी. त्यांवर क्रमांक कोण घालणार? ती पद्धत रुळली १९७० च्या दशकापासून, फोटोंचा बाजार उभा राहिला तेव्हा. व्हिंटेज म्हणजे निगेटिव्हनंतर थोड्याच वर्षांत काढलेली प्रिंट. तुमची बहुधा नंतरची असावी. त्यात वाईट काही नाही, पण मग भावही नंतरच्या प्रिंटचाच हवा. कोणी काढली, कोणत्या साली, आणि २५ हा आकडा याच आकाराचा की सगळ्या आकारांचा मिळून, हे लेखी मागा.

प्रतिसाद २
फ्रेममधून काढून पाठ बघा! माझ्याकडच्या एका प्रिंटच्या मागे वृत्तसंस्थेचा जांभळा शिक्का आहे, आणि पुढे, फोटोवरच, संपादकाने कुठे कापायचं ते दाखवणारी लाल रेघ. मला ती रेघ सहीपेक्षा प्रिय आहे.
अल्ट्राव्हायोलेट टॉर्चही धरा. अमेरिकन डॉक्युमेंटरी फोटोग्राफर लुईस हाईन १९४० मध्ये गेले. त्यांच्या सहीने विकल्या गेलेल्या काही प्रिंट्सच्या कागदात नंतर चमक आणणारं रसायन सापडलं, आणि ते फोटोच्या कागदात आलं १९५० च्या दशकात. असा कागद टॉर्चखाली निळसर उजळतो. उजळला नाही म्हणून जुनाच, असं मात्र नव्हे.

प्रतिसाद ३
फक्त भिंतीसाठी हवा असेल तर फोटोग्राफर डोरोथिया लँग यांचा 'मायग्रंट मदर' (१९३६) हा फोटो अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसकडून मोठ्या फाइलमध्ये फुकट मिळतो. छापून घ्या, उन्हापासून लांब लावा.

धागाकर्ती
सगळ्यांचे मनापासून आभार. विचारलं. प्रिंट १९८४ ची, फोटोग्राफरच्या देखरेखीखाली काढलेली निघाली. भाव उतरवला त्यांनी. पावतीवर साल आणि 'नंतरची प्रिंट' असं लिहून घेऊन घेतेय. या प्रिंटमधल्या बाईच्या हातावरच्या शिरा पुस्तकात कधी दिसल्याच नव्हत्या मला.