टीम कामानुसार पाडाव्यात की प्रॉडक्टनुसार? सांगलीतल्या १८ जणांच्या कंपनीचा प्रश्न

विश्रामबागकर:
आमची तीन प्रॉडक्ट आहेत: साखर कारखान्यांचं ऊसबिल, पतसंस्थांचं काम आणि मार्केट यार्डातल्या हळद-बेदाण्याच्या अडत दुकानांचं. टीम मात्र कामावरून पाडल्यात: स्क्रीनवाले, सर्व्हरवाले, टेस्टिंगवाले. मालक म्हणतात असंच चालू दे. मला पटत नाही.

ऐन हळदीच्या सौद्यांत एका अडत्यानं सांगितलं, पट्टीवर (शेतकऱ्याला देतात त्या विक्रीच्या हिशेबावर) तोलाई, म्हणजे वजन करायची मजुरी, हमालीतनं काढून वेगळ्या ओळीत दाखवा. काम काय, तर एक रकाना, एक वजाबाकी आणि छपाई. स्क्रीनवाल्यांनी रकाना लगेच दिला. सर्व्हरवाल्यांकडं कारखान्याचं काम आधी लागलेलं, मग टेस्टिंगची रांग. तोवर दिवाणजी छापील पट्टीवर पेनानं तोलाई लिहून देत होते. चूक कुणाची म्हणाल तर कुणाचीच नाही, हेच दुखणं आहे.

संगणकतज्ज्ञ मेल्विन कॉनवे यांनी १९६८ मध्येच मांडलंय की संस्थेत माणसं जशी एकमेकांशी बोलतात, तशीच तिच्या सॉफ्टवेअरची रचना होते. आमचं तसंच झालंय. म्हणून प्रॉडक्टनुसार पाडा.

हंगामी:
मी ह्याच ऑफिसात सर्व्हरवाल्यांत बसतो, म्हणून बोलतो. अडतीचं उदाहरण खरं आहे, पण अर्धंच. गाळप सुरू झालं की कारखान्याला ऊस आल्यापासून १४ दिवसांत एफआरपी (सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर) द्यायची असते, तेव्हा बिलाला आम्ही सगळे भिडतो. मार्चअखेर पतसंस्थांच्या हिशेबाची घाई. त्याच सुमारास हळद. टीम कायमच्या वाटल्या तर उन्हाळ्यात ऊसवाले माश्या मारणार आणि अडतवाले रात्री जागणार. शिवाय डेटाबेस खोलात कळणारा माणूस एकच. त्याचे तीन तुकडे करायचे का?

विश्रामबागकर:
गरज पडेल तशी माणसं हलवायची म्हणतोस, पण संगणकतज्ज्ञ फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ मध्ये लिहिलंय की उशीर झालेल्या कामात माणसं वाढवली की आणखी उशीर होतो. ऊसवाल्याला अडतीत आणला की आधी वक्कल (मालाचा ढीग), तूट (वजनातली घट), उचल (आगाऊ रक्कम) शिकवत बसा.

हंगामी:
ते उशीर झालेल्या कामाबद्दल आहे. हळद काय अचानक येते? जानेवारीतच माणूस आणून बसव की.

पुण्यात नोकरी, घर मिरजेत:
२०१२ मध्ये स्पॉटिफायची टीमरचना गाजल्यावर आमच्याकडंही स्क्वॉड (लहान टीम), ट्राइब (अशा टीमचा गट) अशी नावं आली. खुर्च्या त्याच, फक्त पाट्या बदलल्या. ते सोडा, साधा हिशेब करा: १८ जणांत बोलणाऱ्यांच्या जोड्या १५३ होतात, सहा जणांत १५. त्यामुळं माझं मत लहान, प्रॉडक्टच्या टीमला. पण लॉगिन, जीएसटी, व्याजाची आकारणी ही तिघांत सामायिकच ठेवा. नाहीतर पैशाचं पूर्णांकन तीन टीम तीन तऱ्हेनं करतील, आणि तो फरक ऑडिटर शोधून काढेल.

यार्डातला:
आम्ही अडतवाले. तुमच्या टीमचं तुम्ही बघा. फोन केल्यावर 'ते दुसऱ्या टीमकडं आहे' एवढं ऐकवू नका. शेतकरी पट्टी घ्यायला समोर उभा असतो.

विश्रामबागकर:
तर मग आधी फक्त अडतीची वेगळी टीम करू. स्क्रीनचे दोघं, सर्व्हरचा एक, टेस्टिंगची एक. यार्डाचा फोन थेट त्यांच्याकडं. बाकी दोन प्रॉडक्ट तूर्त आहेत तशी.

हंगामी:
चौघं घे. सर्व्हरचा कोण ते मात्र मी ठरवणार. डेटाबेसवाला मार्चअखेर होईपर्यंत मागू नकोस.